झरोक्यातला जावई

आन्सेल्म पेरोदँशी माझी ओळख झाली ती त्याच्या पायांपासून.

शनिवारची सकाळ होती. मी पाव आणायला निघाले होते. शेजारच्या लेओंस बुव्हरे यांच्या घराच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, तळघराला हवा मिळावी म्हणून एक झरोका आहे. त्या झरोक्यातून दोन पाय बाहेर आले होते. पायांत तपकिरी मोजे होते आणि एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. पाय हवेत पोहत होते, पण पुढे जात नव्हते.

"मदत हवी का?" मी पायांना विचारलं.

"कोण आहे?" भिंतीतून आवाज आला.

"शेजारीण. सोलेन. वाइनच्या प्रयोगशाळेत असते ती."

पाय एकदम थांबले. "प्रयोगशाळेत? मग नको. तुम्ही जा."

मी तिथेच उभी राहिले. मिनिटभराने भिंत म्हणाली, "गेलात का?"

"नाही."

"बरं झालं. ओढा."

मी ओढलं. आधी पाय आले, मग चांगला भरलेला मधला भाग आला, आणि बऱ्याच उशिराने एक गोल, लाल, घामेजलेला चेहरा आला. एका हातात रिकामी बाटली, दुसऱ्यात नरसाळं. मी सवयीने झरोक्याची रुंदी नजरेने मोजली. पंचेचाळीस सेंटिमीटर. आणि हा माणूस, कोट काढून, श्वास सोडून, उपाशीपोटी, त्रेचाळीस. न्याहारीनंतर गणित बसत नव्हतं.

"कुणाला सांगू नका," तो भिंतीला टेकून बसत म्हणाला, आणि पुढचा पाऊण तास त्याने मला सगळं सांगितलं. पाच वर्षं ऐकणारा माणूस शोधत असावा तसा.

आन्सेल्म मूळचा बर्गंडीचा. त्याचं गाव आमच्या गावापासून ऐंशी किलोमीटरवर, म्हणजे सासऱ्याच्या हिशेबाने परदेशात. लेओंसबाबांची एकुलती एक मुलगी ओदिल. ती गाव सोडायला तयार नव्हती, म्हणून हा घरजावई झाला. येताना त्याने एक बॅग आणि एक नऊ आसनी पांढरी व्हॅन आणली. व्हॅनच्या मागच्या दाराला धूर दिलेल्या सॉसेजचा वास कायमचा चिकटला होता. प्रवाशांना घेऊन तो गावोगाव हिंडायचा. त्यांना वाइन चाखवायची, जेवू घालायचं, आणि संध्याकाळी पुढच्या गावी झोपवायचं, हा त्याचा धंदा. एका फेरीत अल्सास, दुसरीत लोआर, तिसरीत साव्हुआचे डोंगर. बेल्जियमचे निवृत्त पोस्टमास्तर आणि हॉलंडच्या विधवा त्याच्यावर जीव टाकत.

गाडी चालवायची म्हणून तो स्वतः वाइन गिळत नसे. चाखून थुंकत असे, आणि या कलेत त्याचा हात, म्हणजे तोंड, कुणी धरू शकत नसे. दोन मीटरवरच्या बादलीत, बोलता बोलता, मान न वळवता. एकदा म्हणे एका म्हाताऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा करून दाखवायला सांगितलं.

त्याचा एक नियम होता. "वाइनवाल्याच्या दारात कधी जायचं? साडेअकराला. दहाला गेलात तर वाइन मिळते. साडेअकराला गेलात तर बाई आतून म्हणते, आता आलाच आहात तर बसाच. बाराला गेलात तर हावरट ठरता." या अर्ध्या तासाच्या शहाणपणावर त्याचा संसार आणि त्याचं पोट दोन्ही वाढलं होतं.

असा हा माणूस. अर्ध्या फ्रान्सची तळघरं त्याला उघडी. फक्त स्वतःच्या घरचं बंद.

कारण चावी लेओंसबाबांच्या गळ्यात. काळ्या दोरीत ओवलेली, पंजाएवढी लोखंडी चावी. लग्नाच्या जेवणातच बाबांनी जाहीर करून टाकलं होतं, "ओदिलच्या नावाने मी कोपऱ्यात एक पिंप भरलंय. पिंप सहा वर्षं तीन महिने गप्प बसेल. बघू जावईबापूंना तेवढं जमतं का. ज्या दिवशी पिंप उघडेल त्या दिवशी ही चावी यांच्या गळ्यात." आन्सेल्म तेव्हा दुसऱ्या टेबलावर मावशीआजींना पक्ष्याचं तंगडं कापून देत होता. त्याने फक्त 'चावी यांच्या गळ्यात' एवढंच ऐकलं.

तेव्हापासून सहा वर्षं तो प्रवाशांना गावात आणी, चीज खिलवी, आणि मग कुणीतरी विचारीच, "आणि तुमच्या घरचं तळघर?" हा बंद दारासमोर उभा राहून सांगे, "आत फार दमट आहे." एका डच बाईंनी दाराचाच फोटो काढून नेला.

आता पिंपाचं. आमच्याकडे दोन तऱ्हा आहेत. साध्या पांढऱ्या वाइनचं पिंप दर महिन्याला वरपर्यंत भरत राहायचं, कारण लाकडातून थोडी थोडी उडून जाते. त्या उडालेल्या वाइनला आम्ही देवदूतांचा वाटा म्हणतो. पण पिवळ्या वाइनच्या पिंपाला हात लावायचा नाही. ती उडू द्यायची. रिकाम्या जागेत वाइनवर साईसारखा पडदा धरतो, आणि त्या पडद्याखाली सहा वर्षांत तिला अक्रोडाचा तो वास येतो. भर घातली की पडदा बुडाला, वाइन गेली. घोटाळा होऊ नये म्हणून पिंपावर खडूने खूण असते. गोल म्हणजे भरत जा. फुली म्हणजे हात लावलास तर हात तोडीन.

लग्नानंतरच्या आठवड्यात आन्सेल्म सासऱ्यांबरोबर तळघरात बटाटे उतरवायला गेला. तेवढीच एक अधिकृत भेट. कोपऱ्यातल्या पिंपावर त्याला खडूचा गोल दिसला. वाकून वास घेतला, बोटाने ठोकलं, तर पिंप दोन बोटं रिकामं.

"मला वाटलं, म्हातारा विसरला," तो मला सांगत होता. "वय झालंय. चारचौघांत बोललो तर बिचाऱ्याची शोभा होईल. म्हटलं, आपण गुपचूप भरू."

म्हणून महिन्यातून एकदा, शनिवारी बाबा न्हाव्याकडे गेले की, हा झरोक्यातून आत. महिन्याला दीड बाटली. गावातून घेतली तर कुणासाठी म्हणून विचारतील, म्हणून फेरीवर जाई तिथून आणायची. जानेवारीत अल्सासची, फेब्रुवारीत लोआरची, मार्चमध्ये स्वतःच्या माहेरची, बर्गंडीची. उरलेली अर्धी बाटली ओदिलच्या रश्श्यात. "हलकी वाइन एकदाही घातली नाही हं," त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला कोंबडीचं जेवण होतं, आणि बाबा उठून म्हणाले, "ओदिलची पिवळी वाइन! एक वर्ष झालं, आणि पिंप बोटभरसुद्धा उतरलेलं नाही. माझ्या तळघरात देवदूतांची हिंमत नाही!" पिंप न उतरता पडदा धरणार कसा, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

आन्सेल्मने तोंडातलं अळंबं न चावता गिळलं.

"पिवळी?" त्याने ओदिलला कुजबुजत विचारलं. "मग गोल कशाला?"

"कसला गोल?" ओदिल म्हणाली. "बाबांना टाळ्या वाजव."

त्याने वाजवल्या. आणि पुढे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. दुसऱ्या वर्षी त्याने दोन महिने भर थांबवली. म्हटलं, अजून वेळ आहे, पडदा धरेल. बाबांनी येऊन पिंपावर बोटाने ठोकलं. आवाज पोकळ आला. बाबा थेट अंथरुणात गेले. "शिरले," एवढंच म्हणत होते, "शेवटी माझ्याकडेही देवदूत शिरले." डॉक्टरांना काही सापडलं नाही. तिसऱ्या शनिवारी आन्सेल्म एका दमात तीन बाटल्या ओतून आला, संध्याकाळी बाबांनी पिंप ठोकलं, आणि रात्रीच्या जेवणाला दोनदा सूप घेतलं.

एकदा घाईत त्याने चुकीची पिशवी नेली आणि शाम्पेनची बाटली ओतली. पिंप दोन दिवस गुरगुरत होतं. बाबांनी कान लावला आणि कॅफेवाल्या बातिस्तीनबाईंना हाताला धरून ऐकायला आणलं. "पडदा बोलतोय! तुमच्या कुणाच्या पिंपात बोलला आहे का कधी?"

"माझा नवरा बोलायचा असा," बातिस्तीनबाई म्हणाल्या. "गॅस होता."

हे सगळं ऐकून झाल्यावर मी आन्सेल्मला तांत्रिक मत दिलं. "ती पिवळी होणार नाही. कधीच."

"मग काय आहे ती?"

"प्यायला धोका नाही. पण तिला नाव नाही. तुम्ही बाबांना सांगून टाका."

"चावी मिळाल्यावर सांगतो."

"चावी वाइन चाखल्यावर मिळणार आहे."

"तेच तर," असं म्हणून त्याने नरसाळं कोटात लपवलं.

मी एकदा बाबांना आडून सुचवलं, थोडा नमुना द्या, तपासून देते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "केमिस्टीणबाई, कोंबडी अंड्यांवर बसली की तिला रोज उठवून बघता का? तुमचं नाक यंत्रात. माझं माझ्या तोंडावर आहे." विषय संपला. पुढचं सव्वा वर्ष मी दर महिन्याला शनिवारी बाहेर उभी राहून पाय ओढले. दोनदा साबण लावावा लागला.

उघडण्याचा दिवस जानेवारीत आला. शनिवार, सकाळी अकरा. बाबांनी न्हाव्याची वेळ बदलून शुक्रवारची घेतली होती. पिवळ्या वाइनची बाटली आमच्याकडे लिटरभरही नसते. लिटरमधलं उडून जे उरतं तेवढीच, बासष्ट सेंटिलिटरची. बाबांनी मुद्दाम पूर्ण लिटरच्या बाटल्या मागवल्या होत्या. "माझ्याकडे उडालंच नाही तर कमी का भरू?" त्या बाटल्या दाराशी ओळीने उभ्या होत्या. त्यांच्यासमोर अर्धं गाव होतं. आणि आन्सेल्मची व्हॅन होती. त्याच दिवसाची फेरी आधीपासून ठरलेली, त्यामुळे आठ प्रवासीही आले. शिवाय घड्याळ साडेअकराकडे चाललं होतं आणि ओदिलच्या स्वयंपाकघरातून कोंबडीचा वास येत होता, तेव्हा त्यांना हलवणं शक्यच नव्हतं.

बाबांनी गळ्यातल्या चावीने दार उघडलं. ते दार असं करकरलं की एका प्रवाशाने कानावर हात ठेवले. सगळे आत गेलो. बाबांनी पिंपावर बोट ठोकलं. ठक. भरलेला, तृप्त आवाज.

"ऐकलंत?" बाबा म्हणाले.

आन्सेल्म माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तळघरात आठ अंश तापमान होतं.

बाबांनी नळ ठोकून बसवला आणि पेल्यात धार धरली. वाइन फिकट आली. गव्हाच्या काडीसारखी. बाबांनी पेला उजेडात धरला, मग नाकाशी नेला, बाजूला केला, नाक पुसलं आणि परत नेला.

"काय लेओंस," बातिस्तीनबाई मागून म्हणाल्या, "देवदूत आतच बुडाले की काय?"

बाबांनी पेला शेजारच्या माणसाच्या हातात दिला. तो होता अल्सासचा एक निवृत्त रेल्वे मास्तर. त्याने घोट घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. "अहो, ही तर आमच्याकडची!"

"काहीतरीच," म्हणत लोआरच्या एका शाळाबाईंनी पेला हिसकावला. चाखली. "ही आमच्या गावची आहे. नदीच्या डाव्या काठाची."

"बाई, तुमच्या नदीला असा फुलाचा वास येतो का?"

"आणि तुमच्याकडे लिंबू कुठून आलं?"

"मला शेवटी लोण्यासारखं लागतंय," तिसरा म्हणाला. "बर्गंडी."

"आणि जिभेवर जरा चुरचुरतंय," चौथा म्हणाला. ती शाम्पेन असणार, मी मनात म्हटलं.

"जावईबापू," बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "तुमची ही मंडळी खुळी आहेत का?"

आन्सेल्मने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्याने टोपी काढली.

"नाहीत, बाबा. सगळे बरोबर आहेत. मी भर घालत होतो. सहा वर्षं."

बाबांनी त्याच्या टोपीकडे पाहिलं, मग पिंपाकडे.

"पिवळ्या वाइनला," बाबा म्हणाले. "भर."

"गोल होता ना पिंपावर! गोल म्हणजे भरायचं! लहान पोरालाही माहीत असतं!"

"अरे तो गोल नाही!" बाबांचा आवाज फुटला. "तो O आहे! Odile मधला O, ओदिलचा! माझ्या मुलीचं नाव आहे ते, गाढवा!"

'जावईबापू'वरून बाबा थेट 'गाढवा'वर आले होते. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला घरच्यासारखं बोलावलं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मग पूर्ण नाव लिहायला काय झालं होतं?" ओदिल दारातून ओरडली. तिच्या हातात पळी होती. "पाच अक्षरं आहेत, बाबा! इंग्लंडच्या राणीचं नाव नाही!"

"खडू संपला होता," बाबा म्हणाले. आणि मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी गळ्याला हात लावला, चावी चाचपली, आणि जावयाकडे वळले. "थांब. तू आत कसा आलास?"

आन्सेल्मने वर बोट दाखवलं. सगळ्यांनी झरोक्याकडे पाहिलं. मग आन्सेल्मच्या पोटाकडे. मग पुन्हा झरोक्याकडे.

"खोटं," बाबा म्हणाले.

"खरं आहे. सोलेनला विचारा."

"झरोक्यातून आत येतं ते मांजर. करून दाखव."

"बाबा, आता? सगळ्यांसमोर?"

"सहा वर्षं लपून केलंस, आता उजेडात कर."

मी पुढे होऊन म्हणाले, "आज जमणार नाही. सकाळी त्यांनी सॉसेज खाल्लंय." पण मंडळी आधीच बाहेर धावली होती. शाळाबाईंनी कॅमेरा काढला. आन्सेल्मने कोट उतरवला, श्वास सोडला, आणि हात अंगाशी घट्ट धरून डोकं, खांदे आत घातले. आत आम्ही दोघंच उरलो होतो, बाबा आणि मी. डोकं आलं, छाती आली, आणि तिथेच गाडी थांबली.

"अडकलो," डोकं म्हणालं.

"ओढू का?" बाहेरून ओदिल.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी एक रिकामी पेटी ओढली आणि तिच्यावर चढून जावयाच्या डोक्यासमोर, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ उभे राहिले. दोघं समोरासमोर. माणूस आणि डोकं.

"माझं पिंप उतरलं नाही," बाबा म्हणाले, "ते तुझ्यामुळे."

"हो."

"मी अंथरुणाला खिळलो तेव्हा..."

"त्या शनिवारी तीन बाटल्या घातल्या."

"आणि ते बोलत होतं ते?"

"शाम्पेन."

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं आता ते निघून जातील, आणि चावीही जाईल. बाहेर आठ प्रवाशांनी आन्सेल्मचे पाय धरले होते आणि 'एक, दोन' म्हणत होते. मंडळींनी पिंपावर ठेवून दिलेल्या पेल्यात उरलेली वाइन बाबांनी तोंडात घेतली. लगेच गिळली नाही. गालात फिरवली, डावीकडे, उजवीकडे.

"हे फूल कुठलं?"

"अल्सासचं. जानेवारी."

"हं. आणि लिंबू?"

"लोआर. टूर शहराच्या बाजूला."

पंचाहत्तर वर्षांत बाबा आमच्या तालुक्याच्या पलीकडे गेले नव्हते. लष्करातली सक्तीची नोकरीसुद्धा त्यांनी शेजारच्या गावात, स्वयंपाकघरात काढली होती. त्यांनी आणखी थोडी ओतून घेतली.

"वाईट नाही," ते पिंपाला म्हणाले. जावयाला म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मग त्यांनी गळ्यातली दोरी काढली. डोकं समोर होतंच, हातही अडकलेले होते, त्यामुळे नको म्हणण्याचा प्रश्न नव्हता. बाबांनी दोरी त्या डोक्यावरून घातली आणि चावी हनुवटीखाली लोंबू लागली.

"बाबा," डोक्याच्या डोळ्यांत पाणी आलं, "खरंच?"

"रडू नकोस, फुगशील. आणि गैरसमज नको. हे बक्षीस नाही. त्या दाराला मी तीस वर्षांत तेल घातलेलं नाही. यापुढे तू दारानेच यायचं, म्हणजे तू आत शिरलास की मला घरभर ऐकू येईल."

"हो, बाबा."

"आणि सोमवारी नवीन पिंप भरायचं आहे. त्यावर तू लिही. पूर्ण वाक्य."

"लिहितो. आता ओढायला सांगाल का?"

बाबांनी ऐकलं नाही. ते पेल्याच्या तळाकडे बघत होते. स्वयंपाकघरातून ओदिलने हाक मारली की साडेअकरा वाजले आहेत, कोंबडी तयार आहे, आणि जे अडकलेले नाहीत त्यांनी यावं. बाहेर पावलांचा आवाज झाला. पाय धरणारे एकेक करून जेवायला गेले.

"हे टूर," बाबांनी विचारलं, "किती लांब आहे?"

"सहा तास, बाबा."

"जेवण मिळतं?"

"साडेअकराला पोचलं तर."

बाबांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे साडेपाचला निघायला हवं," ते म्हणाले. "केमिस्टीणबाई, साबण आणा."